अर्ध्याचा दिवस

अण्णांच्या हाताची तारीफ ऐकायला मटण बाजारात आत जायची गरज नव्हती. बाजाराच्या फाटकाला चिकटून सँडविचचं दुकान होतं, तिथं दुपारी घटकाभर उभं राहिलं तरी पुरे. गिऱ्हाइकं मटणाच्या पिशव्या पायाशी ठेवून सँडविच खायची आणि घासागणिक अण्णांचं नाव घ्यायची. काय तो माणूस, काय तो सत्तूर, काय ते मटण! आणि काउंटरपलीकडे पावाला लोणी फासत अण्णांची थोरली लेक हे सगळं ऐकत उभी असायची. ऐकायची, हसायची आणि विचारायची, "कांदा घालू ना?"

दुसरी कुणी असती तर तिनं कांद्याबरोबर सुरीही घातली असती. कारण सारा बाजार ज्या हाताला डोक्यावर घेऊन नाचत होता, तो हात हिचा होता.

झालं असं होतं, की अण्णांचे डोळे अधू झाले आणि पाठोपाठ हात थरथरायला लागला. शिंप्याचा हात थरथरला तर टाका वाकडा जातो, निभून जातं. मटणवाल्याचा थरथरला की गिऱ्हाईक आधी त्याच्या बोटांकडे बघतं आणि मग शेजारच्या गाळ्याकडे. पण अण्णा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी गाळ्याच्या मागच्या बाजूला जाड पडदा लावला, कापायचा ठोकळा पडद्याआड हलवला आणि सांगून टाकलं, "आता कापाकापी आत. तुमच्या कपड्यांवर शिंतोडे नकोत." लोक म्हणाले, बघा, म्हातारा झाला तरी काळाबरोबर चालतो! काळाबरोबर कसला चालतोय; पडद्याआड मागच्या दारानं उजाडायच्या आत थोरली येऊन उभी राहत होती. लहानपणी बापाच्या पायाशी बसून तिनं सगळं उचललं होतं. बापानं शिकवलं नव्हतं, पण हाकललंही नव्हतं. गिऱ्हाइकानं मागितलं की अण्णा आत यायचे, उलट्या खोक्यावर बसायचे आणि कुणासाठी ते हळूच सांगायचे. ही कापायची. अण्णा ताट उचलून बाहेर जायचे. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

बरं, नुसतं कापून ती थांबायची नाही. तिची एक रीत होती. दुपारी सँडविच देताना ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची. कोण एकाच जबड्यानं चावतं, कुणाची दाढ ठणकते, कोण पावाच्या कडा काढून ठेवतं, कोण न चावताच गिळतं. दुपारी दात बघायचे आणि सकाळी त्या दातांजोगं मटण कापायचं. बोळक्या आजींच्या तोंडात एकच दात उरला होता. त्यांच्या मटणातली शीर न शीर ती नखानं ओढून काढायची आणि मटणाच्या धाग्यांवर सुरी आडवी चालवायची, म्हणजे शिजल्यावर जिभेनं तुटावं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते आणि नळीवर जीव टाकायचे. त्यांची नळी ती एका घावात तोडायची, आतला गर जागच्या जागी आणि हाडाचा कणसुद्धा नाही. वकिलीणबाईंना चरबी दिसलेली चालत नसे आणि नसली तर "कोरडं लागलं हो" म्हणायच्या. त्यांच्यासाठी चरबी अशी दडवायची की दिसू नये पण लागावी. गिऱ्हाइकं म्हणायची, अण्णांना आपलं पोट आपल्याआधी कळतं. अण्णा मान खाली घालून म्हणायचे, "देवाची कृपा." देवाचं नाव घ्यायला त्यांची जीभ कचरत नसे, लेकीचं घ्यायला कचरायची.

एकदा दुपारी मास्तर भरल्या तोंडानं म्हणाले, "पोरी, बापाच्या हातातलं नखभर जरी तुझ्यात उतरलं असतं ना..."

"तर काय झालं असतं, मास्तर?"

"पाव फासत बसली नसतीस!"

सगळं दुकान हसलं. वकिलीणबाई तर तोंडावर रुमाल धरून हसल्या. पाव कापणारा नवराही सवयीनं हसला, मग बायकोचा चेहरा बघून त्यानं पाव अगदी मन लावून कापायला घेतला. मास्तर जे सँडविच खात होते त्यातलं भाजलेलं मटण तिनंच पहाटे कापलं होतं, आणि पायाशी पिशवीत होती ती नळीसुद्धा. थोरलीला वाटलं, उठावं आणि पिशवी त्यांच्या डोक्यावर रिकामी करावी. पण तिनं काकडीची चकती जास्त घातली.

मग अण्णांनी जाहीर केलं, की आता बास, सत्तूर खुंटीला टांगणार.

त्या बाजारात एक रीत होती. मटणवाला थकला आणि गाळ्यावर हक्क सांगणारे एकाहून जास्त असले, तर भांडायचं नाही, अर्ध्याचा दिवस धरायचा. एका बोकडाचे उभे दोन भाग करायचे. ज्यानं त्यानं आपलं अर्धं उजाडायच्या आत, एकट्यानं, कुणाची मदत न घेता कापायचं आणि ओट्याच्या आपल्या टोकाला मांडायचं. पुढचं गिऱ्हाइकांच्या हातात. ज्याचं अर्धं आधी संपेल त्याला म्हातारा सत्तूर देणार, म्हणजे गाळा त्याचा. हरलेल्याचं उरलेलं मटण मात्र विकायचं नाही. त्यानं ते शिजवून संध्याकाळच्या आत जिंकणाऱ्याच्या गिऱ्हाइकांना फुकट खायला घालायचं. त्यानं मनात किल्मिष राहत नाही, असं जुनी माणसं सांगत. जुनी माणसं काय, काहीही सांगतात.

सगळे धरूनच चालले होते, की गाळा अण्णांच्या धाकट्या मुलाचाच. धाकटा दिसायला उमदा, जिभेवर साखर. तो समोर उभा राहून वजन करायचा, पुड्या बांधायचा, कुणाच्या नातवाला ताप आला होता ते आठवणीनं विचारायचा. एवढंच, की सांधा कुठं आणि हाड कुठं हे त्याला अजून सापडायचं होतं. एकदा हौसेनं सत्तूर उचलला तर ठोकळ्याचाच तुकडा पाडला होता.

बाजार मिटल्यावर थोरली समोरच्या दारानं गाळ्यात शिरली आणि म्हणाली, "मीसुद्धा उभी राहणार."

"कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"गाळ्यापायी."

"तुझं सँडविचचं दुकान आहे की."

"ते गाळ्याच्या नावावर आहे, अण्णा. तुम्हीच येता-जाता आठवण करून देता."

धाकटा ओटा पुसत होता. तो मनापासून हसला. त्याच्या मनात खरंच पाप नसायचं, हाच तर त्याचा त्रास होता. "राहू दे की ताईला उभी. मजा येईल!"

अण्णा चाचपत खोक्यावर बसले. मग म्हणाले, "राहा उभी. बाईनं उभं राहू नये असं रीतीत कुठंच नाही. पण अपमान झाला तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"इतकी वर्षं आले का कधी?" ती म्हणाली.

तिचा हिशोब सरळ होता. धाकट्यानं एकट्यानं कापलेलं अर्धं म्हणजे नुसत्या चिंध्या होणार. शेजारी तिचं अर्धं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? लोकांना डोळे आहेत, दात आहेत, चव आहे. ज्या हातचं खाऊन ते इतकी वर्षं बोटं चाटत होते, तो हात त्यांना दिसणारच. त्या दिवशी पहाटे ती मागच्या दारानं आत आली तेव्हा मनातून इतकी खुश होती, की सुरीला धार लावताना गुणगुणत होती.

तिचं अर्धं कापून झालं. तेवढ्यात पडदा बाजूला सारून अण्णा आत आले. त्यांच्यामागं धाकटा, हातात सत्तूर आणि चेहरा पांढराफटक. दुसरं अर्धं आकड्याला टांगलेलं होतं.

"पोरी," अण्णा म्हणाले, "हेही सोडव."

"काय?"

"धाकट्याचं अर्धं. तूच काप."

"ज्यानं त्यानं एकट्यानं कापायचं ना? रीत आहे."

"रीत मला सांगतेस? अगं, माल सारखा असू दे आणि लोकांना माणूस निवडू दे, त्यात काय वाईट आहे? माझ्या गाळ्याच्या ओट्यावर आज चिंध्या पडल्या, तर माझी शोभा होईल. तुझ्या बापाची. शेवटच्या दिवशी."

"मी नाही कापणार."

"बरं," अण्णा म्हणाले. "घे रे, मार तू."

आणि धाकट्यानं सत्तूर उचलला. डोळे मिटून उचलला. मांडी जिथं पाठीला जुळते तिथं, ऐन सांध्याच्या वर, हाडाच्या मधोमध घाव घातला. हाड तुटलं नाही, चेचलं. दुसरा घाव भलतीकडेच पडला आणि चांगलं गुलाबी मांस चिरफाळलं.  तिसरा घाव पडायच्या आत थोरलीनं त्याचं मनगट धरलं.

"सोड. सोड तो सत्तूर. बाजूला हो!"

तिथं ती फसली. म्हाताऱ्यानं लेकीला पुरतं ओळखलं होतं. गाळा गेला तरी चालेल, पण कापण्याचा सत्यानाश तिला बघवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिनं चेचलेला भाग साफ केला, सांधा मोकळा केला, बरगड्यांच्या चापा एकसारख्या पाडल्या, नळ्या एकेका घावात तोडल्या. आणि एकदा सुरी हातात आली की तिला अर्धवट काही जमत नसे. तिनं धाकट्याचं अर्धं जसं कापलं तसं स्वतःचंही नव्हतं कापलं. अण्णा खोक्यावर बसून नुसता आवाज ऐकत होते आणि त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता.

नवऱ्याला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "दोन्ही अर्धी तूच कापलीस? अगं, हा धोंडा तू शोधून आणून पायावर मारून घेतलास!"

"मग काय त्याला कापू देऊ? तो बोकड दुसऱ्यांदा मेला असता."

बाजार उघडला आणि लोक आले. ओट्याच्या एका टोकाला धाकटा पांढरा स्वच्छ एप्रन बांधून उभा, दुसऱ्या टोकाला थोरली. मधोमध खुर्चीवर अण्णा, मांडीवर आडवा सत्तूर. लोकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मटण दोन्हीकडे सारखंच देखणं. मग कोण कुणाकडे जाणार? मास्तर धाकट्यापुढं जाऊन उभे राहिले. एका चापेला त्यांनी बोट लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! बापाचा हात उतरलाय!" झालं. रांग त्यांच्यामागं लागत गेली ती थेट माशांच्या गाळ्यांपर्यंत पोचली.

थोरलीपुढं कुणीच नव्हतं. घरच्यांनी रांगेत उभं राहायचं नाही अशी रीत, म्हणून नवरा फाटकाशी नुसताच हात चोळत होता. लोक तिच्याकडे बघून हसत होते, चांगल्या मनानं, जसं पोर मोठ्या माणसाचे जोडे घालून आलं की हसतात. तिनं सुरी सारखी केली, ताट सारखं केलं, परत सुरी सारखी केली. हात काय करावेत ते तिला कळेना.

तेवढ्यात बोळक्या आजी काठी टेकत तिच्याच दिशेनं येताना दिसल्या. थोरलीचा जीव भांड्यात पडला. एक तरी! आणि एक मिळायचं तर आजीच मिळाव्यात, ज्यांच्या एका दातासाठी तिनं नखं झिजवली होती. आजी ओट्याला टेकल्या, दम घेतला, तिच्याकडे मायेनं बघितलं.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "धाकट्याची रांग कुठं संपते?"

थोरलीनं हात लांब करून दाखवलं. आणि मग मात्र तिला राहवलं नाही.

"ते मी कापलंय," ती ओरडली. "तिकडचंही मीच कापलंय! आजवर तुम्ही खाल्लंत ते सगळं मीच कापलंय. त्याला सुरी धरता येत नाही. विचारा अण्णांना!"

रांग वळून बघायला लागली. वकिलीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "हरायला लागलं की माणूस काहीही बोलतं बाई." धाकटा खाली वजनकाट्याकडे बघायला लागला.

"अण्णा, सांगा ना!"

अण्णांनी मान वर केली. अधू डोळे लेकीच्या आवाजाकडे वळवले. 

"पोरी," ते सौम्यपणे म्हणाले, "शोभतं का हे?"

लोकांनी चुकचुकाट केला. तो म्हाताऱ्यासाठी होता. धाकट्याचं अर्धं संपलं तेव्हा तिच्या अर्ध्यातली एक चापसुद्धा हललेली नव्हती. अण्णांनी सत्तूर मुलाच्या हातात दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग उरलेलं रीतीप्रमाणं. सगळंच उरलं होतं, म्हणून सगळंच भाजलं. नवरा पाव कापत होता, ती भरत होती, आणि जिंकणाऱ्याची गिऱ्हाइकं फाटकाशी गर्दी करून फुकटची सँडविचं खात होती. आजी एका दातानं चघळत म्हणाल्या, "किती मऊ गं! धाकट्याच्या अर्ध्यातलं घातलंस ना?" थोरलीनं पुढचा पाव उचलला. तिला रडायला येत होतं आणि या लोकांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती कांदा चिरायला बसली. आतापर्यंत कांदा नवऱ्याकडूनच चिरून घेणारी बाई, मुद्दाम कांदा घेऊन बसली.

गर्दी ओसरल्यावर धाकटा आला. गळ्यात हारबीर नव्हता, पण चालण्यात होता. त्यानंही एक सँडविच खाल्लं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, उद्या नेहमीच्या वेळेला ये हं. मागच्या दारानं."

ती म्हणाली, "तुला लाज कशी वाटत नाही रे?"

"लाज कसली? तू असल्यावर मला काय काळजी!" तो खरंच मायेनं म्हणाला. "आणि अण्णा म्हणाले, ताईला सांग, दुकान गाळ्याच्या नावावर आहे ते ध्यानात ठेव."

नवरा म्हणाला, जाऊ नकोस. आपण दुसरीकडे कुठं तरी गाडी लावू. ती म्हणाली, "नाही. जाणार." आणि ज्या सुरात म्हणाली, तो ऐकून त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

ती गेली आणि नेहमीसारखी कापायला लागली. गिऱ्हाइकानं मागितलं की आता अण्णांऐवजी धाकटा पडद्याआड यायचा, कुणासाठी ते सांगायचा आणि ताट घेऊन बाहेर जायचा. वजनात खोट नाही, शिळंपाकं काही नाही, ताटात मांडलेलं बघितलं तर दृष्ट लागावी. फक्त दात तिनं उलटे धरले. आजींच्या मटणात शिरा तशाच राहिल्या, वरून मांसाचा नाजूक पापुद्रा ओढून झाकलेल्या, आणि धाग्यांवर सुरी आडवी न जाता उभी गेली, म्हणजे कितीही शिजवा, चामड्याची वादीच. मास्तरांची नळी एका घावाऐवजी तीन हलक्या घावांत फुटायला लागली. गर सांडायचा आणि हाडाची कुसळं मटणात शिरायची. वकिलीणबाईंची चरबी दिसतही नव्हती आणि लागतही नव्हती. ज्याला जे सोसत नाही ते त्याला, नेमकं. दातांची तिची सगळी विद्या तीच, नुसती उलटी फिरवली.

धाकट्याला काही पत्ता नव्हता. तो बोकड आणणाऱ्यावर खेकसायचा. पण अण्णांना पहिल्याच सकाळी कळलं. समोर खुर्चीवर बसून ते पडद्याआडचा आवाज ऐकत असायचे. डोळे गेले तरी कान होते, आणि आयुष्यभर त्या कानांनी दुसरं काही ऐकलं नव्हतं. एक घाव पडायचा तिथं तीन पडताहेत. सुरी उभी सरकतेय. म्हातारा खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसायचा. करणार काय? कुणाला सांगणार? सांगायचं तर हात कुणाचा ते सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आत थोरलीलाही हे पुरतं ठाऊक होतं, आणि मास्तरांची नळी तोडताना ती प्रत्येक घाव जरा सावकाश घालायची, त्यांना नीट मोजता यावा म्हणून.

गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. तीही सँडविच खाताना, तिच्यासमोर. "अण्णा बसतात ना गाळ्यावर? मग असं कसं?" एक दिवस बोळक्या आजी गाल सुजवून आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी काउंटरवर काहीतरी ठेवलं. त्यांचा दात.

"शीर होती गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं अण्णांनी जपला आणि त्यांच्या पोरानं पाडला बघ."

खोटं कशाला सांगा, थोरलीला वाईट वाटलं. तिनं आजींना आत बसवलं, पावाचा मऊ भाग दुधात कुस्करून दिला, पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पहाटे आजींचं मटण पुढं आलं तेव्हा तिनं सुरी धाग्यांवर आडवी धरली. जरा वेळ तशीच धरून उभी राहिली. मग तिला आठवलं, 'धाकट्याची रांग कुठं संपते?' तिनं सुरी उभी केली.

रांगा आटल्या. शेजारच्या गाळ्यावर गर्दी दिसायला लागली. एका सकाळी समोर फक्त मास्तर होते, नळीसाठी थांबलेले, सवयीला चिकटून राहिलेले. अण्णा खुर्चीतून उठले, चाचपडत पडद्याआड आले आणि खोक्यावर बसले.

"पोरी, पुरे."

"काय पुरे, अण्णा?"

"कळतंय तुला."

"मला काय कळणार? मी पाव फासणारी."

"माझं नाव जाईल गं."

"माझं कधी होतं का?"

अण्णांचे हात मांडीवर थरथरत होते. तिनं ते बघितलं आणि तिला दया आली नाही. यायला हवी होती असंही तिला वाटलं नाही.

"तुला काय पाहिजे?" म्हाताऱ्यानं विचारलं. "गाळा पाहिजे?"

गाळा! अर्ध्याच्या दिवशी पहाटे हे ऐकलं असतं तर तिनं पाय धरले असते. ती म्हणाली, "मला काही नको. बाहेर मास्तर उभे आहेत. बाहेर जा आणि त्यांना एवढं सांगा, की आतली सुरी माझ्या पोरीची आहे. शिव्या घालून सांगा. तिनंच वाटोळं केलं म्हणून सांगा. चालेल मला. पण सांगा."

अण्णा उठून बाहेर गेले. थोरलीनं सुरी हातातच धरली, हलवली नाही, श्वाससुद्धा हळू घेतला. पडद्यापलीकडून मास्तरांचा आवाज आला. "अण्णा, राग मानू नका, पण कालच्या नळीनं हिरडी फाटली हो. हात कुणाचा चालतोय आत?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.  सांगा. सांगा ना.

"माझाच," अण्णा म्हणाले. "म्हातारा झालो, मास्तर."

थोरलीनं सुरी पुसली, खुंटीला अडकवली. आकड्याला अख्खा बोकड टांगलेला होता, तो तसाच ठेवला. मागच्या दारानं ती बाहेर पडली आणि दुकानात येऊन पावाला लोणी फासायला लागली.

दुपारी मास्तर धापा टाकतच आले. दुकानात नेहमीची मंडळी होती, वकिलीणबाई आणि दुधात पाव बुडवत बसलेल्या आजी.

"ऐकलंत का? धाकट्यानं बोट कापून घेतलं!"

"कुठलं?" थोरलीनं विचारलं.

"डाव्या हाताचं."

"मग निभेल. वजनाला उजवा लागतो."

"थट्टा करू नकोस गं. अण्णांना भ्रम झालाय. अण्णा दमले म्हणून धाकट्यानं सत्तूर घेतला आणि हे असं झालं. तो किंचाळला, तशी म्हातारा पडदा ओढून खाली पाडून, 'पोरी, पोरी' करत नुसता हाका मारत सुटला. भर बाजारात! म्हणतो, हात माझा नव्हता, माझ्या पोरीचा होता, सगळा तिचाच होता, तिला बोलवा." मास्तर थांबले. त्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं, पहिल्यांदाच. "तूही त्या दिवशी असंच काहीसं म्हणाली होतीस. खरं का गं ते?"

 नवऱ्यानं पाव कापायचा थांबवला आणि तो बायकोकडे बघत राहिला, डोळ्यांत पाणी आणून. जे एक वाक्य तिला हवं होतं ते बाप बोलून गेला होता. तिनं आता नुसती मान हलवायची होती.

तेवढ्यात तिला दारात अण्णा दिसले. भिंतीला धरून धरून आले असावेत, एका पायात चप्पल नव्हती. ते कान देऊन उभे होते.

"मास्तर," थोरली म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "शोभतं का हे? म्हातारा काही बडबडला म्हणून तुम्हीही? माझ्या हातात नखभर तरी उतरलंय का? मला सत्तूर उचलतासुद्धा येत नाही."

"तेच म्हटलं मी!" मास्तर सुटल्यासारखे हसले. मग वकिलीणबाई हसल्या, आजीही बोळकं पसरून हसल्या.

अण्णा दारातच उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, परत मिटलं. कुणीतरी उठून त्यांना खुर्ची दिली, बसा अण्णा, उन्हाचं भोवळल्यासारखं होतं. थोरलीनं पाव उचलला, त्याला लोणी फासलं.

"कांदा घालू ना, मास्तर?"